डेनालीच्या बसमध्ये बसण्याआधी

ताडोब्यात किंवा पेंचमध्ये सफारी केलेल्या माणसाला अलास्कातल्या डेनाली उद्यानाच्या बसमध्ये पहिला तासभर हरवल्यासारखं होतं. तिकडे जंगल आधी कानावर येतं. चितळ ओरडतं, झाडाच्या शेंड्यावरून वानर खाकरतं, गाइड ओठांवर बोट ठेवतो, जिप्सी बंद होते आणि मग बांबूच्या बेटातून काहीतरी बाहेर येतं. डेनालीत अशी वर्दी द्यायला कोणी नाही. थोड्या वेळाने झाडंच संपतात. खिडकीबाहेर कित्येक किलोमीटर उघडे डोंगरउतार, खाली नदीचं राखाडी पात्र, वर ढग, आणि त्या सगळ्यात कुठेतरी एक ठिपका. तो ठिपका अस्वल आहे की दगड, हे ओळखायला डोळा तयार झाला की दिवस रंगू लागतो. तो तयार झाला नाही, तर पाच तास खडीच्या रस्त्यावर बसून परत यायचं.

मी हा प्रवास तीनदा केला आहे. एकदा एकटीने, एकदा मित्रमंडळींबरोबर आणि एकदा पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन. पहिल्यांदा जाणाऱ्याला तिकिटापासून नजरेपर्यंत जे जे लागेल, ते इथे क्रमाने सांगते.

आधी जागा समजून घ्या

डेनाली राष्ट्रीय उद्यान अमेरिकेच्या अलास्का राज्यात, अँकरेज आणि फेअरबँक्स या दोन शहरांच्या मध्ये आहे. क्षेत्रफळ साधारण २४,५०० चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे बारा-तेरा सारखे तुकडे केले तर एका तुकड्याएवढं. आणि एवढ्या मुलखात आत जाणारा रस्ता एकच, ९२ मैलांचा. पाट्या, तिकिटं, ड्रायव्हरचं बोलणं, सगळं मैलांत चालतं, म्हणून मीही मैलच वापरते.

उद्यान १९१७ मध्ये झालं, आणि ते इथल्या डेनाली शिखरासाठी नाही तर मेंढ्यांसाठी. चार्ल्स शेल्डन नावाचे शिकारी-निसर्गअभ्यासक १९०६ मध्ये इथल्या पांढऱ्या डॉल मेंढ्या बघायला आले. बाजारात मांस विकणारे शिकारी कळपच्या कळप संपवत आहेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी संरक्षणासाठी जी खटपट सुरू केली, तिला अकरा वर्षांनी यश आलं. तेव्हाचं नाव माउंट मॅकिन्ली राष्ट्रीय उद्यान. १९८० मध्ये ते खूप वाढवून डेनाली झालं. अलास्कातल्या मूळ रहिवासी कोयुकॉन लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘उंच असलेला’. शिखराचं सरकारी नाव २०१५ मध्ये डेनाली झालं आणि २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ते पुन्हा मॅकिन्ली केलं. उद्यानाचं नाव डेनालीच आहे, त्यामुळे बुकिंग करताना गोंधळू नका.

बसच का, हा प्रश्न सगळे विचारतात. १९७१ मध्ये अँकरेज-फेअरबँक्स महामार्ग पूर्ण झाला आणि उद्यानाच्या दाराशी गाड्यांची रीघ लागणार हे स्पष्ट दिसू लागलं. म्हणून १९७२ पासून खासगी गाड्या पहिल्या १५ मैलांवर, सॅव्हेज नदीशी थांबवल्या आणि पुढे फक्त बस सुरू झाली. हा निर्णय किती मोलाचा होता ते आत गेल्यावर कळतं. इथल्या प्राण्यांच्या कित्येक पिढ्या अशा वाढल्या आहेत, की बस ही त्यांच्या दृष्टीने धूळ उडवत येणारी, थांबणारी आणि काहीही न करता निघून जाणारी वस्तू. म्हणूनच अस्वल बसच्या बाजूला निवांत मुळं उकरत राहतं.

रस्ता सध्या कुठपर्यंत, हे आधी बघा

जुने प्रवासलेख वाचून जाणाऱ्यांची इथे हमखास निराशा होते. त्यांत ६६ व्या मैलावरच्या आयलसन केंद्राचं आणि ८५ व्या मैलावरच्या वंडर लेक तळ्याचं वर्णन असतं. ऑगस्ट २०२१ पासून रस्ता ४३ व्या मैलाच्या पुढे बंद झाला. ४५ व्या मैलाजवळ ‘प्रिटी रॉक्स’ नावाची दरड आहे. तिथल्या डोंगराच्या पोटात वर्षानुवर्षं गोठलेली जमीन आहे, ती वितळू लागली आणि वरचा उतार रस्त्यासकट खाली सरकू लागला. २०१४ च्या आधी ही हालचाल वर्षाला काही इंच होती, २०२१ मध्ये ती तासाला अर्ध्या इंचाच्या वर गेली. रोज ट्रक-ट्रक खडी टाकूनही रस्ता टिकेना. त्यावर उपाय म्हणून दरड ओलांडणारा पोलादी पूल बांधायला घेतला. तेव्हा बुकिंगच्या आधी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर त्या हंगामाचा शेवटचा थांबा बघूनच पुढचं ठरवा. खाली मी जो रस्ता सांगते आहे तो ४३ मैलांपर्यंतचा, ईस्ट फोर्क नदीपर्यंतचा आहे. प्राण्यांच्या दृष्टीने हा भाग मुळीच कमी नाही. अस्वलांसाठी मला विचाराल तर सर्वोत्तम पट्टा याच ४३ मैलांत आहे.

कधी जायचं

बस साधारण २० मेपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. मेअखेर ते जूनमध्ये मूस (इथलं थोराड हरीण) आणि कॅरिबू (रेनडिअर) यांची पिल्लं दिसतात, आणि पिल्लांमागे अस्वलं-लांडगेही असतात. जूनच्या मध्याला २० तासांहून जास्त उजेड असतो. जून-जुलैत डास भरपूर, इतके की डोक्यावर घालायची जाळी नेली नाही तर थांब्यावर उतरायला नको वाटतं. जुलैत फायरवीडची जांभळी-गुलाबी फुलं रस्त्याच्या कडेने उभी असतात.

माझी पसंती ऑगस्टचा शेवटचा आठवडा आणि सप्टेंबरचा पहिला. टुंड्रावरची खुजी झुडपं लाल, केशरी, पिवळी होतात. ब्लूबेरी आणि सोपबेरी पिकलेल्या असल्यामुळे अस्वलं उघड्या उतारावर तासन्‌तास चरत असतात. मूसच्या शिंगांवरचं मखमली कातडं गळून शिंगं साफ झालेली असतात. डास जवळपास संपलेले असतात. थंडी मात्र खरी असते. इथे कुठल्याही महिन्यात बर्फ पडू शकतं.

कुठली बस घ्यायची

दोन प्रकार आहेत, आणि नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते.

फिकट तपकिरी बस म्हणजे टूर बस. ड्रायव्हर हाच गाइड, माइकवर माहिती सांगतो, सोबत थोडा खाऊ मिळतो. पूर्ण वेळ त्याच बसमध्ये बसायचं. प्राण्यांसाठी यातली ‘टुंड्रा विल्डरनेस टूर’ घ्या, ती पाच-साडेपाच तासांची आहे. ‘डेनाली नॅचरल हिस्ट्री टूर’ नावाची दुसरी टूर कमी अंतर जाते आणि तिचा भर इतिहासावर आहे. क्रूझच्या पॅकेजमधून येणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. पॅकेजमध्ये ‘डेनाली टूर इन्क्लुडेड’ एवढंच लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा ती ही छोटी टूर असते. आधी विचारा, फरकाचे पैसे भरून बदलून घ्या.

हिरवी बस म्हणजे ट्रान्झिट. ती स्वस्त आहे, आणि १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. ड्रायव्हरवर माहिती सांगायची सक्ती नसते, पण मला भेटलेले सगळे आनंदाने बोलत होते आणि प्राणी दिसला की थांबत होते. यातून तुम्ही मधे कुठेही उतरू शकता आणि मागून येणाऱ्या बसमध्ये जागा असेल तर चढू शकता. आई-बाबांबरोबर मी टूर बस घेतली, एकटी असताना ट्रान्झिट. दोन्ही बस शाळेच्या बससारख्या साध्या आहेत. आत शौचालय नाही, पण दीड-एक तासाने थांबा येतो. चढायच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी बुकिंग करतानाच सांगितलं तर मदत मिळते.

तिकिटं आदल्या डिसेंबरात सुटतात. पहाटेच्या बसची लवकर संपतात, आणि तीच घ्यायची असते. सकाळी सहा-सातच्या गारव्यात प्राणी उतारावर असतात, दुपारी झोपतात. पहाटेची मिळाली नाही तर दुपारी उशिराची घ्या, कारण परतताना संध्याकाळचा तिरपा उजेड मिळतो. उद्यानाची प्रवेश फी बसच्या तिकिटाव्यतिरिक्त असते. लहान मूल बरोबर असेल तर कार-सीट तुमची तुम्हाला न्यावी लागते, अलास्काचा कायदाच तसा आहे.

पोचायचं कसं? अँकरेजहून गाडीने २४० मैल, चार-साडेचार तास. फेअरबँक्सहून १२० मैल, दोन तास. अलास्का रेलरोडची गाडीही उद्यानाच्या दारात थांबते, अँकरेजहून तिला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. काहीही करा, पण आदल्या रात्री उद्यानाजवळ मुक्काम करा.

पिशवीत काय भरायचं

दुर्बीण. हा एकच शब्द मोठ्या ठशात छापता आला असता तर छापला असता. ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी असली की पुरे, आणि प्रत्येकाला वेगळी. चार जणांत एक दुर्बीण म्हणजे तिघांनी ‘कुठे आहे, कुठे आहे’ म्हणत राहायचं आणि दुर्बीण हातात येईपर्यंत लांडगा टेकडीपलीकडे गेलेला असायचा. दहा पटीच्या वर जाऊ नका, बसमध्ये हात हलतो आणि काहीच नीट दिसत नाही. घरून निघायच्या आधी गॅलरीतून समोरच्या इमारतीची अक्षरं वाचून सराव करा. नजर ठिपक्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावायची, हे करून करूनच जमतं.

कपड्यांचे थर हवेत. लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, टोपी, पातळ हातमोजे. उन्हाळ्यातही सकाळी पाच अंश आणि दुपारी वीस अंश, असं एकाच दिवसात होतं. प्राणी दिसला की सगळ्या खिडक्या उघडतात, तेव्हा गारठा थेट अंगावर येतो.

खाणं-पिणं सगळं बरोबर घ्या, आत एकही दुकान नाही. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. दशमी न सांडता खाता येते म्हणून मला ती या प्रवासाला फार योग्य वाटते. चिवडा नेऊ नका. चिवड्याचे दाणे खडीच्या रस्त्यावर हातात राहत नाहीत, आणि या उद्यानात माणसाच्या अन्नाचा कणही जमिनीवर पडता कामा नये. एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल माणसांच्या जवळ येऊ लागतं, आणि त्याचा शेवट बहुतेक वेळा अस्वलाच्या मरणात होतो.

मोबाइलचं नेटवर्क प्रवेशद्वारापासून थोड्याच अंतरावर संपतं. कागदी नकाशा घ्या. त्यावर मैलांचे आकडे असतात, कुठे काय दिसलं त्याची खूण करता येते. गाडी लागण्याचा त्रास असेल तर गोळी आधीच घ्या. उंचीची काळजी मात्र नको. सेबल पास हा या टप्प्यातला सर्वात उंच भाग ३,९०० फुटांवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही खाली.

कुठे बसायचं

अर्धा तास आधी डेपोवर पोचा. जाताना डावीकडची, म्हणजे ड्रायव्हरच्या मागची बाजू दऱ्यांकडे आणि शिखराकडे असते. येताना तीच बाजू डोंगराकडे होते. त्यामुळे डावी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर वाईट वाटून घेऊ नका. चाकाच्या अगदी वरची सीट टाळा, हादरे जास्त बसतात.

बघायचं कसं

आता मुख्य गोष्ट. बसमधले चाळीसेक जण बघत असतात आणि दोघा-तिघांनाच प्राणी दिसतात. ते नशीबवान नसतात, त्यांची बघण्याची रीत वेगळी असते.

बस चालू असताना नजर एका ठिकाणी रोखू नका, पण सैरभैरही फिरवू नका. उताराचे पट्टे करा. आधी रस्त्याच्या खालचं झुडूप, मग नदीचं पात्र, मग समोरचा मधला उतार, शेवटी कड्याची धार. एका पट्ट्यावरून नजर डावीकडून उजवीकडे सावकाश न्या, मग पुढचा पट्टा. तुम्हाला प्राणी शोधायचा नाही, जे बसत नाही ते शोधायचं आहे. हिरव्या उतारावरचा फिका ठिपका. बर्फाच्या पट्टीवरचे काळे कण. दगडांच्या राशीत फार गोल असलेला दगड. आणि एकदा संशय आला की तिथेच थांबून पाच आकडे मोजा. हलला तर प्राणी.

आईच्या चाळिशीला झालेल्या चष्म्याने हे मला शिकवलं. सेबल पासजवळ सगळे उजवीकडे कॅरिबू बघत होते. आई डावीकडे बघून शांतपणे म्हणाली, “अगं, ते वाळलेल्या गवताचं पेंढं मघाशी त्या ओघळाच्या अलीकडे होतं.” दुर्बीण लावली. पेंढ्याच्या मागून दोन लहान पेंढ्या निघाल्या. अस्वलीण आणि तिची दोन पिल्लं. आईचं बालपण गावाकडे गुरांमागे गेलं आहे. माळावर लांबून आपली गाय ओळखणारी नजर तिला होतीच, ती अलास्कात चालली.

दिसलं की काय करायचं? मोठ्याने “स्टॉप!” म्हणायचं. संकोच करू नका, दगड निघाला तरी कोणी हसत नाही. मग जागा घड्याळाने सांगायची. बसचं तोंड म्हणजे बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. “नऊ वाजता, मधल्या उतारावर, बर्फाच्या पट्टीच्या खाली” असं सांगितलं की सगळी बस क्षणात तिकडे वळते. “तिथे, तिथे” म्हणून बोट दाखवून काही उपयोग नसतो.

बस थांबली की इंजिन बंद होतं आणि त्यानंतर आवाज बंद करायचा. हात, कॅमेरा, डोकं, काहीही खिडकीबाहेर जाऊ द्यायचं नाही. तुमच्या बाजूला प्राणी असेल तर दोन फोटो काढून मागच्याला जागा द्या. दुर्बीण धरताना कोपर खिडकीच्या कडेवर टेकवा. आणि मोबाइलने लांबच्या अस्वलाचा फोटो काढायचा हट्ट सोडा. फोटोत तपकिरी ठिपका येईल आणि तेवढ्यात अस्वलाने खारीच्या बिळात हात घातलेला तुमच्या डोळ्यांनी बघायचा राहील.

कुठल्या मैलाला काय

सुरुवातीचे १५ मैल डांबरी आहेत, दोन्ही बाजूंना स्प्रूसची (सूचिपर्णी वृक्षांची) विरळ झाडी. ही मूसची जागा. पाणथळ तळी आणि विलोच्या झुडपांवर नजर ठेवा. मूस खांद्याशी माणसापेक्षा उंच असतो, मोठा नर ६००-७०० किलोंपर्यंत भरतो, तरी झुडपात असा उभा राहतो की फक्त कान हलल्यावर कळतं. नवव्या मैलाच्या आसपास, आकाश स्वच्छ असेल तर, सत्तरेक मैलांवरून शिखराचं पहिलं दर्शन होतं.

सॅव्हेज नदी ओलांडली की खडी सुरू. काही ठिकाणी स्प्रूसची झाडं वेडीवाकडी कललेली दिसतील. खालची गोठलेली जमीन वितळते-गोठते तशी ती सरकतात. तेक्लानिका नदीचा थांबा तिसाव्या मैलाजवळ. नदीचं पात्र बघा, पाणी वेणीच्या पेडांसारखं सुटतं आणि पुन्हा गुंफलं जातं. हिमनद्यांनी आणलेला दगडगाळ इतका असतो की नदी एका वाटेने वाहूच शकत नाही. अशा उघड्या पात्रातून कॅरिबू, अस्वलं आणि कधी लांडगेही ये-जा करतात, कारण चालायला सोपं.

चौतिसाव्या मैलाजवळ इग्लू आणि कॅथीड्रल हे दोन डोंगर रस्त्याला अगदी खेटून येतात. इथे मान वर. कड्यावरचे पांढरे ठिपके म्हणजे शेल्डनना इथवर आणणाऱ्या डॉल मेंढ्या. बर्फ आणि मेंढी यांत गल्लत होते, पण बर्फाला किंचित निळी झाक असते, मेंढीला दुधी. त्या एवढ्या कडेलोटाच्या जागी का राहतात? लांडगा तिथे पोचू शकत नाही म्हणून.

सेबल पास ३९ व्या मैलावर. हा अस्वलांचा मुलूख. इथे रस्ता सोडून चालायला कायमची बंदी आहे, तीही अस्वलांसाठीच. डेनालीची ग्रिझली अस्वलं समुद्रकाठच्या भावंडांपेक्षा लहान असतात, कारण त्यांना सामन मासे मिळत नाहीत. मुळं, गवत, बेऱ्या, खारी आणि जमेल तेव्हा मूसचं किंवा कॅरिबूचं पिल्लू, यांवर त्यांचं भागतं. अनेकांचा रंग गव्हाळ-पिवळट असतो, म्हणून गवताचं पेंढं शोधा. खांद्यावरचा उंचवटा दिसला की खात्री.

कॅरिबू कुठेही दिसतील. उन्हाच्या दिवशी माश्या-डासांपासून सुटायला ते उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यांवर जाऊन उभे राहतात, म्हणून बर्फावरचे काळे कण नेहमी तपासा. मादीलाही शिंगं असतात. जवळून जात असतील आणि इंजिन बंद असेल तर कान द्या, त्यांच्या पायांतून टिक-टिक असा आवाज येतो. घोट्यातला स्नायूबंध हाडावरून सरकल्याचा.

लांडगा ठरवून दिसत नाही. तीन खेपांत मला तो एकदाच दिसला, समोरून रस्त्यावरूनच दुडक्या चालीने आला, बसकडे न बघता बाजूने गेला. कॅरिबू एकदम मान वर करून एकाच दिशेला बघत राहिले, तर तिकडे दुर्बीण लावा.

आणि लहान जीवांना विसरू नका. थांब्यावर पायाशी येणारी जमिनीवरची खार वर्षातले सात-आठ महिने झोपते, त्या झोपेत तिच्या शरीराचं तापमान शून्याच्याही खाली जातं. ओल्या भागात इथला एकमेव बेडूक राहतो, तो हिवाळ्यात गोठतो, त्याचं हृदय थांबतं आणि वसंतात तो पुन्हा चालू लागतो. रस्त्याकडेला पोरांना घेऊन फिरणारा टार्मिगन हा अलास्काचा राज्यपक्षी, उन्हाळ्यात तपकिरी आणि हिवाळ्यात पांढराशुभ्र. दगडावर शेपटी हलवत बसलेला चिमणीएवढा व्हीटीअर हिवाळ्यासाठी थेट पूर्व आफ्रिकेला जातो. मोठे प्राणी दिसत नाहीत तेव्हा हे बघा, डोळा जागा राहतो.

उतरलात तर

अस्वलापासून ३०० यार्ड, म्हणजे पाव किलोमीटरहून थोडं जास्त. मूस, कॅरिबू, मेंढ्या यांच्यापासून २५ यार्ड, क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा थोडं जास्त. हे किमान अंतर आहे, मूसच्या मादीबरोबर पिल्लू असेल तर त्याहून खूप लांब राहा. अस्वल समोर आलं तर पळायचं नाही, शांत आवाजात बोलत सावकाश मागे व्हायचं. मूस अंगावर आला तर मात्र पळायचं आणि झाडाआड जायचं. दोन्हींची अदलाबदल होऊ देऊ नका. आतल्या भागात पायवाटा नाहीत. चौघे टुंड्रावरून चालत असाल तर एकामागोमाग न जाता पसरून चाला, नाहीतर नवी वाट पडते आणि ती भरून यायला फार वर्षं लागतात. पहिल्याच खेपेला एवढं नको वाटत असेल तर सॅव्हेज नदीकाठची साधारण दोन मैलांची वाट सोपी आणि सुंदर आहे.

शिखर दिसलं नाही तर

२०,३१० फुटांचा हा डोंगर स्वतःचे ढग स्वतःच गोळा करतो. उन्हाळ्यात येणाऱ्या दहापैकी साधारण तीन जणांनाच तो दिसतो. बाबा याच एका गोष्टीसाठी आले होते आणि दिवसभर ढग हलले नाहीत. शक्य असेल तर दोन मुक्काम ठेवा. आम्हाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, अँकरेजच्या वाटेवर, टॅल्कीटना गावाच्या अलीकडे दिसला. बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि पंधरा मिनिटं कोणाशी बोलले नाहीत.

बस परत आल्यावर

दुपारी परतलात तर उद्यानाच्या श्वानशाळेत जा. इथले रेंजर हिवाळ्यात आजही कुत्र्यांच्या घसरगाडीने गस्त घालतात, आणि उन्हाळ्यात त्याचं प्रात्यक्षिक फुकट दाखवतात. मुलांना हे फार आवडतं.

मग जेवून, थोडं पडून, रात्री नऊच्या सुमारास पुन्हा निघा. पहिले १५ मैल स्वतःच्या गाडीने जाता येतं, गाडी नसेल तर सॅव्हेज नदीपर्यंत दिवसा फुकट शटल बस आहे. जूनमध्ये रात्री दहाला आपल्याकडे सहाला असतो तसा उजेड असतो. गाडी रस्त्यात न थांबवता कडेच्या जागेत घ्या, इंजिन बंद करा, काच खाली करा, आतच बसा. आता डोळा तयार झालेला असतो. विलोचं झुडूप वाऱ्याशिवाय हललं, की दुर्बीण उचला.